भोंगा

विक्रोळीला सात पंचवीसचा भोंगा व्हायचा
आणि माझे पाय आपोआप निघायचे.
अठरा वर्षं. टूलरूम. मस्टरवर सही.
आता दारूखान्यातल्या या गाळ्यात
मी शटर वर करीन तेव्हा सकाळ.
हेच तर मागितलं होतं.

पहिल्या महिन्यात सकाळ दहाला झाली,
दुसऱ्यात साडेअकराला.
तिसऱ्यात एक दिवस झालीच नाही.
शेजारचा लेथवाला तुफैल एवढंच म्हणाला,
"क्या साटमसाब, सेठ बन गये?"
त्या दिवशी पट्ट्यावर पातं निळं पडलं.
घाईत जळलं, की आळसात,
अजून सांगता येत नाही.

तेव्हापासून मनाला विचारत नाही.
मन म्हणजे रिकामं गिऱ्हाईक,
भाव विचारतं, वस्तू उलटसुलट करतं,
"येतो हं जाऊन" म्हणतं.
हाताला विचारतो.
हात म्हणतो, आधी झाडू.
कालचा लोखंडाचा भुसा
(रुमाल काळा करणारा, चहात उतरणारा)
सुपलीत भरता भरता
मोटरचं बटण कधी दाबलं जातं
कळत नाही.

ट्रकच्या कमानीचा पाटा,
बेअरिंगची कडी,
मोडीत निघालेल्या कुठल्या जहाजाचं
नाव नसलेलं पोलाद, किलोवर.
भट्टीत चेरीसारखा रंग आला
की श्वास धरायचा, तेलात सोडायचं.
बहुतेकदा नुसतं चर्र.
कधी मध्येच एक बारीक टिण्,
भिंतीपलीकडे कुणाची बांगडी पिचल्यासारखा.
तीन दिवस गेले.
तडकलेली पाती खिळ्याला टांगतो. एकवीस झाली.
हेमांगी म्हणते, फेक ती, बरं दिसत नाही.
म्हटलं, मस्टर आहे माझं, राहू दे.

वांद्र्याच्या एका शेफला
पात्यावर लाटा हव्या होत्या.
दुमडून, ठोकून, ॲसिडात घालून काढल्या लाटा.
दोन महिन्यांचं भाडं निघालं.
तो फोटो पाठवतो, उजेड छान असतो.
कांदा कुठेच नसतो.

आणि गेल्या बुधवारी
भाऊच्या धक्क्यावरून बायजा तांडेल आली.
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली सुरी,
मुठीच्या फटीत खवले.
मी ओळखलीच नाही.
दोन बोटं रुंद केली होती,
आता करंगळीएवढी.
रोज पहाटे धक्क्याच्या दगडावर घासते म्हणाली,
जसं दात घासते म्हणावं.
"नवी देतो," मी म्हटलं.
"मना नवी नको. हीच लाव."

लावली. पट्ट्यावर नाही,
पाण्याच्या दगडावर, हळू,
म्हाताऱ्या माणसाची दाढी करावी तशी.
मनात हिशेब चालू होता.
माझे तीन दिवस, तिची पाच वर्षं,
उरलेलं सव्वा बोट गेलं कुठे?
सुरमईत, घोळीत, मुशीच्या कातडीत,
धाकटीच्या नर्सिंगच्या फीत.
कुठेतरी नीट गेलं.
मी वाया घालवलेल्या पोलादापेक्षा
नक्कीच नीट.

सुरी हातात देऊ नये, भांडण होतं.
बाकावर ठेवली. तिने उचलली,
अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली,
काही बोलली नाही.
वीस रुपये ठेवले. मी नको म्हटलं,
तिने ऐकलं नाही.
गाळ्याला दिवसभर धक्क्याचा वास.

दुसऱ्या दिवशी शटर सातला वर गेलं.
उत्साह वगैरे नव्हता, पाठ दुखत होती.
झाडू मारला.
एक पट्टी कापली, पाव बोट जास्त ठेवून,
आणि खडूने लिहिलं:
बायजा. अंदाजे दोन वर्षांनी लागेल.

तुफैल डोकावला, "ऑर्डर आया?"

म्हटलं, निघालीय. घासत घासत येतेय.